लाट ओसरेपर्यंत

स्वतःच्या अंगाला मुद्दाम इजा करून घेणाऱ्या बहुतेक मुलामुलींना त्या क्षणी मरायचं नसतं. हे आधी सांगण्याचं कारण असं, की ज्या आईला आपल्या तेरा वर्षांच्या लेकीच्या दंडावर अचानक खुणा दिसतात, तिच्या मनात पहिला विचार मरणाचाच येतो. त्या धसक्यात तिच्या तोंडून जे निघतं त्यानं मुलगी आणखी मिटून जाते. ‘कुणी शिकवलं तुला हे?’ ‘आम्ही काय कमी केलं तुला?’ ‘ही नाटकं बंद कर, दहावी तोंडावर आलीय.’ यातलं एकही वाक्य दुष्टपणानं उच्चारलेलं नसतं. घाबरलेलं माणूस रागावतं. पण मुलीच्या कानावर पडतो तो राग, त्यामागची भीती तिला दिसत नाही.

मरायचं नसतं, मग करतात कशासाठी? संशोधक गेली पंचवीस-तीस वर्षं हा प्रश्न खुद्द मुलांनाच विचारत आले आहेत आणि देश बदलला तरी उत्तरं फारशी बदलत नाहीत. सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे मनात उसळलेलं काहीतरी असह्य होतं आणि ते थोडा वेळ शांत होतं. ती लाज असेल, संताप असेल, एकटेपणा असेल. काही मुलं याच्या उलट सांगतात. आतून सगळं बधिर झालेलं असतं, रडूसुद्धा येत नाही, निदान दुखतंय एवढं तरी कळावं असं वाटतं. काहींना स्वतःला शिक्षा करायची असते. ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ हे घरोघरी ऐकू येणारं कारण मात्र मुलांच्या उत्तरांत बरंच खाली सापडतं. ते उघडच आहे. जिला लक्ष वेधून घ्यायचं आहे, ती मे महिन्याच्या घामट मुंबईत पूर्ण बाह्यांचा कुडता घालून वावरत नाही.

मिळणारा आराम मात्र काही मिनिटांचाच असतो. मागोमाग लाज येते, लपवालपवी येते, घरच्यांशी बोलणं तुटतं, आणि ज्या एकटेपणातून हे सुरू झालं तो आणखी वाढतो. पुढच्या वेळी मन तोच रस्ता अधिक लवकर पकडतं. सवय जडते ती अशी. कशानं आणि कसं, हा तपशील या प्रकरणात मुद्दाम दिलेला नाही. असे तपशील वाचून आधीच त्रासात असलेली मुलं त्याकडे ओढली जातात, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

हे प्रकरण चेंबूरमध्ये उभं राहून लिहिण्याला कारण आहे. शीव-ट्रॉम्बे रस्त्यावर, म्हणजे वि. ना. पुरव मार्गावर, देवनार बस डेपोच्या समोर टाटा समाजविज्ञान संस्थेचं फाटक आहे. पलीकडे गोवंडी, मागे देवनार, पुढे अणुशक्तीनगर. १९३६ साली नागपाड्यात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ या नावानं सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. नागपाड्यात असताना, १९३७ साली, तिनं मुलांच्या वर्तनाच्या आणि मनाच्या तक्रारींसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. देशातलं ते पहिलं. हट्टी, चोरी करणारं, शाळेत न जाणारं मूल मारानं सुधारतं असा सार्वत्रिक समज असलेल्या काळात, त्या मुलाचं आधी ऐकून घ्यावं म्हणून मुंबईत एक जागा उघडली गेली होती.

याच संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये १०९८ हा मुलांचा फोन सुरू झाला. तिथे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करत होत्या. मुलांची संकटं कार्यालयाच्या वेळा बघून येत नाहीत, रात्री-अपरात्री कुणीतरी फोन उचलणारं हवं, हे त्यांना त्या मुलांकडूनच कळलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या पोरांनाही ‘दस-नौ-आठ’ लक्षात राहिलं आणि पुढे हा क्रमांक देशभर गेला. २०१२ मध्ये याच आवारातून ‘आयकॉल’ ही सेवा सुरू झाली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेले समुपदेशक तिथे फोनवर, ईमेलवर आणि चॅटवर बोलतात, मराठीतही बोलतात.

मुलांचं ऐकून घेण्याच्या कामाचा एवढा वारसा या एका फाटकाआड आहे. आणि त्याच फाटकापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, टिळकनगरमधल्या नाहीतर घाटल्यातल्या एखाद्या घरात आई रात्री दोन वाजता जागी बसलेली असते. कुणाला सांगावं ते तिला कळत नाही. हे अंतर रिक्षानं तोडता येत नाही. ते लाजेचं आहे, ‘लोक काय म्हणतील’चं आहे, आणि बऱ्याच अंशी माहिती नसण्याचं आहे. निदान या शेवटच्या गोष्टीवर पुस्तकाला काही करता येतं.

आधी आकड्यांकडे पाहू. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मरणाचा हेतू नसताना स्वतःला इजा करण्याचा प्रकार किमान एकदा केला असं सांगणाऱ्या किशोरवयीन मुलांचं प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात दहा. सुरुवात बहुतेकदा बारा ते चौदा या वयात होते, म्हणजे सातवी ते नववी. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

ही फक्त ‘चांगल्या घरातल्या, लाडावलेल्या’ मुलींची गोष्ट आहे, हा एक आवडता गैरसमज. चेंबूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प, टिळकनगरच्या म्हाडा इमारती, अणुशक्तीनगरची शास्त्रज्ञांची वसाहत, सिद्धार्थ कॉलनी, लाल डोंगर, आणि शहरभरातून उठवून आणलेल्या कुटुंबांचं माहुल. प्रत्येक ठिकाणी मुलांच्या मनावर येणारं ओझं निराळं. कुठे जेईईच्या क्लासमधली क्रमवारी, कुठे शाळेत आडनाव विचारून मारलेला टोमणा, कुठे दारू प्यायलेल्या बापाचा हात, कुठे नात्यातल्याच माणसाचा नकोसा स्पर्श. कुणाला आपण मुलगा की मुलगी याच प्रश्नानं घेरलेलं असतं आणि तो उच्चारायला घरात एकही माणूस नसतो. पाच माणसांच्या एका खोलीत तर रडायलाही आडोसा नसतो. मुलग्यांचं दुःख आणखी दडलेलं. रागाच्या भरात हात सुजवून घेतलेल्या मुलाला ‘तापट आहे, बापावर गेलाय’ म्हणून सोडून दिलं जातं. तोही स्वतःला इजा करतोय, हे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि मोबाइल? २०१७ च्या पावसाळ्यात मुंबई मुलांना आत्महत्येकडे ढकलणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळानं हादरली होती. शाळांनी पालकांच्या सभा घेतल्या, वाहिन्यांवर रोज चर्चा झडल्या. पुढे तपासासाठी नेमलेल्या समितीला एकाही घटनेचा त्या खेळाशी संबंध सिद्ध करता आला नाही, असं केंद्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितलं. ही बातमी मात्र फार थोड्यांनी वाचली. समाजमाध्यमांवरून मुलांचा छळ होतो, नको त्या गोष्टी त्यांच्यासमोर येतात, हे खरं आहे आणि त्यावर लक्ष हवंच. पण सगळा दोष परक्या देशातल्या एखाद्या खेळावर टाकला की घरात, वर्गात, जिन्यात काय चाललंय हे पाहायची गरज उरत नाही. त्या वर्षी आपण हेच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या वयाचा मेंदूही समजून घ्यायला हवा. भावना उसळवणारा भाग वयात येताना जोरात कामाला लागतो. थांब, विचार कर, उद्या बघू, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. मोठ्यांना किरकोळ वाटणारा अपमान पोराला जग बुडाल्यासारखा वाटतो तो यामुळे. ते नाटक करत नाही. त्याला खरोखर तेवढंच लागलेलं असतं.

आता खुणा दिसल्याच तर काय करायचं? जखम ताजी असेल तर आधी तिच्याकडे बघा. स्वच्छ धुवा, दाबून रक्त थांबवा, खोल असेल तर दवाखाना. हे करताना हात शांत ठेवता आला तर निम्मं काम झालं. मग फार न बोलता एवढंच: ‘बाळा, दिसलं मला. मी रागावलेली नाही. खूप त्रास होतोय ना?’ आणि गप्प राहा. उत्तर लगेच येणार नाही. कदाचित ‘काही नाही, मांजरानं ओरबाडलं’ असं येईल. तेव्हा उलटतपासणी नको. ‘बरं. पण तुला कधीही सांगावंसं वाटलं तर मी आहे, रात्रीसुद्धा’ एवढं म्हणून तिच्याजवळ बसा, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. मुलं बहुतेकदा समोरासमोर बसवल्यावर बोलत नाहीत, शेजारी बसल्यावर बोलतात.

‘माझी शपथ घे, पुन्हा करणार नाहीस’ असं वदवून घेऊ नका. शपथ घेताना मुलगी खरंच मनापासून घेते. आठ दिवसांनी तोच असह्य क्षण येतो, हातात दुसरं काहीच साधन नसतं, शपथ मोडते. आता तिच्या डोक्यावर आईला फसवल्याचं ओझं चढतं आणि पुढची प्रत्येक खूण अधिक काळजीनं लपवली जाते. रोज बाह्या वर करून तपासणंही तसंच. पहारा वाढतो, विश्वास संपतो. आत्या, मावशी, शेजारच्या काकू यांच्या कानावर घालणं तर नकोच, ती गोष्ट मुलीची आहे. घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू मात्र गाजावाजा न करता कुलपात ठेवा. असह्य क्षण आणि हाताशी येणारी वस्तू यांच्यामध्ये थोडासा वेळ गेला तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि एक प्रश्न सरळ विचारायचा: ‘जगूच नये, असं वाटतं का तुला?’ हा प्रश्न विचारायला आईबापांची जीभ रेटत नाही, कारण विचारल्यानं डोक्यात नसलेलं खूळ शिरेल अशी भीती वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही भीती तपासून पाहिली गेली. विचारल्यामुळे मुलांची अस्वस्थता वाढली नाही, तसे विचारही वाढले नाहीत. मुळात मरायचं नसतं हे खरं असलं, तरी वारंवार इजा करून घेणाऱ्या मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकंच खरं आहे. म्हणून विचारायचं. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि सकाळची वाट बघायची नाही. चेंबूरकरांना गोवंडीचं शताब्दी, घाटकोपरचं राजावाडी आणि शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, तिन्ही फार दूर नाहीत. शीवच्या रुग्णालयात मनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

‘पोलीस केस होईल’ ही धास्ती पुष्कळ पालकांना दवाखान्याच्या दारातून परत फिरवते. रुग्णालय अशी नोंद करतं हे खरं, पण नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिच्यावर खटला चालवू नये, उलट तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलं आहे. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम, जे अशा प्रयत्नाला गुन्हा मानत असे, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही.

यापुढचा रस्ता समुपदेशकाचा, आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाचा. स्वतःला इजा करणं थांबवणारी अशी एखादी गोळी नाही. नैराश्य किंवा चिंतेचा विकार सोबत असेल तर त्यावर औषधं असतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. मुख्य काम बोलण्यातून आणि शिकण्यातून होतं.

ते कसं चालतं हे एका उदाहरणानं पाहू. समजा, नववीतली एक मुलगी आहे. मंगळवारी रात्री पुन्हा इजा झाली. समुपदेशक ताई ‘का केलंस?’ असं विचारत नाहीत. मंगळवार सकाळपासून काय काय झालं, ते त्या कागदावर क्रमानं उतरवायला घेतात. सकाळी डबा नको म्हणून भांडण, डबा घरीच राहिला. दुपारी गणिताचे मार्क, ५० पैकी १९, सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलेले. चार वाजता मैत्रिणींनी नवा ग्रुप काढल्याचं कळलं, त्यात ती नव्हती. सहा ते आठ क्लास. घरी आल्यावर आईचं सहज बोलणं, ‘अगं, त्या अथर्वला बघ, नोकरी करणारी आई असून किती मार्क.’ साडेनऊला बाबांचा चढलेला आवाज, तिच्यावर नव्हे, फोनवर कुणावर तरी. दहा वाजता डोक्यात एकच वाक्य: मी कुणालाच नकोय. सव्वादहाला ते घडलं.

कागदावर मांडल्यावर मुलगी स्वतःच म्हणते, ‘मी सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं.’ इथून काम सुरू होतं. उपाशीपोटी आणि झोप अपुरी असताना मन लवकर ढासळतं, म्हणून डबा हा उपचाराचाच भाग. चार वाजता कुणाशी बोलता आलं असतं? आतेबहीण आहे, फोन उचलते. ‘मी कुणालाच नकोय’ हे वाक्य आलं की त्याला लगेच खरं न मानता, ‘हे माझ्या मनात आलेलं वाक्य आहे’ असं ओळखायचं कसं? सव्वादहाला हातापाशी दुसरं काय हवं होतं? आठवड्यामागून आठवडे असे कागद भरत जातात. मुलीला पहिल्यांदाच कळतं की हे आभाळातून पडत नाही, याला पायऱ्या आहेत, आणि कुठल्याही पायरीवर थांबता येतं.

या पद्धतीचं नाव ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’, थोडक्यात डीबीटी. ती घडवली अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी. पहिला नियंत्रित अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा आणि नंतरची वीस वर्षं फार थोड्यांना ठाऊक होतं की लिनेहन स्वतः त्या वाटेवरून आलेल्या होत्या. १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्यांना कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. स्वतःला इजा करत राहिलेली ही मुलगी तिथे दोन वर्षांहून जास्त काळ राहिली. जून २०११ मध्ये त्याच रुग्णालयात जाऊन, जमलेल्या लोकांसमोर त्यांनी हे सगळं पहिल्यांदा जाहीर सांगितलं. त्यांच्या पद्धतीचा गाभा दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवण्यात आहे: तू आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलायचंही आहे. आपल्या घरांत सहसा यातलं एकच असतं. एकतर ‘तू बदल’, नाहीतर हात टेकून ‘राहू दे तिला’.

किशोरांसाठी ही पद्धत पुढे वेगळी बेतली गेली, आईवडिलांनाही त्यात शिकायला बसवलं गेलं. नॉर्वेत ७७ किशोरांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीनं स्वतःला इजा करण्याचे प्रसंग जास्त कमी झाले. चार वर्षांनी अमेरिकेतल्या १७३ किशोरांवरच्या अभ्यासातही असाच फायदा दिसला.

त्यातलं एक कौशल्य घरी आजच शिकता येण्यासारखं आहे. इजा करण्याची ऊर्मी लाटेसारखी असते. उसळते, माथ्यावर येते आणि, कुणी काही केलं नाही तरी, ओसरते. माथ्यावर असताना वाटतं की ही आता कधीच थांबणार नाही. म्हणून सगळं शिक्षण त्या थोड्या वेळापुरतं असतं. तोवर काय करायचं? वाकून चेहरा गार पाण्यात बुडवायचा, नाहीतर फ्रीजमधल्या पाण्यात भिजवलेला रुमाल डोळ्यांवर-गालांवर अर्धा मिनिट दाबून धरायचा. पाण्यात बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, ती शरीराची उपजत प्रतिक्रिया यानं जागी होते आणि खवळलेलं अंग खाली येतं. हृदयाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. जिने जोरात चढणं-उतरणं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावणं, हेही उपयोगी पडतं. आणि कुणाला तरी फोन. ही यादी मुलीनं स्वतःच्या अक्षरात, शांत असताना लिहून ठेवायची: मला कुठल्या खुणांवरून कळतं की लाट येतेय, मी एकटी काय करू शकते, कुणाजवळ जाऊन बसू शकते, कुणाला सांगू शकते, कुठल्या क्रमांकावर फोन करू शकते. वादळात यादी सुचत नाही, वाचता मात्र येते.

समुपदेशक गुप्तता पाळतात, पण त्याला मर्यादा आहे आणि ती मुलांना आधीच सांगितली जाते. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागतं. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. हे ऐकून काही पालक मागे हटतात. हटू नये. अनेक मुलांच्या जखमांच्या मुळाशी हेच न बोललेलं दुःख असतं आणि ते झाकून ठेवल्यानं सुटका होते ती फक्त अत्याचार करणाऱ्याची.

शाळेचं काय? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असायला हवा, आणि मदतीचे क्रमांक ठळकपणे लावलेले हवेत. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना हे जरूर विचारा. प्रशिक्षित माणसांची टंचाई आहे, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा एक उपाय गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेनं दाखवला आहे. पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी दिल्लीतल्या सरकारी शाळांत मुलांना प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्या शिकवल्या. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत, नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा समुपदेशन मिळालेल्या मुलांना सतावणाऱ्या अडचणी अधिक हलक्या झाल्याचं दिसलं. हे चेंबूरच्या महापालिका शाळांत का होऊ नये? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून सामान्य माणसांना मनाच्या कामासाठी तयार करते आहे. इच्छा असेल तर वाटा जवळच आहेत.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. तीन महिने काही घडत नाही आणि प्रिलिमच्या आठवड्यात पुन्हा घडतं. त्या दिवशी ‘सगळं पाण्यात गेलं’ असं म्हणणारे आईवडील, नकळत, मुलीच्या मनातल्या सगळ्यात क्रूर वाक्याला दुजोरा देतात. मधले तीन महिने कुठे गेलेले नाहीत. त्या काळात काय जमलं होतं ते आठवायचं, नवा कागद घ्यायचा. घरच्यांनाही यात आपली जुनी ओझी सापडतात. बाबांना आपला आवाज ऐकू यायला लागतो. आईला कळतं की अथर्वचं उदाहरण आपण दिवसातून किती वेळा देतो. आणि वर्षभरानं, चुलत बहिणीच्या हळदीला, बिनबाह्यांचा ब्लाउज घालायचा की नाही हा प्रश्न येतो. खुणा फिक्या होतात, सगळ्या जात नाहीत. कुणी विचारलंच तर काय सांगायचं हे मुलीला ठरवू द्यावं. ‘जुनं आहे, आता बरी आहे’ एवढं पुरतं. काही न सांगण्याचाही तिला हक्क आहे.

आपल्या मैत्रिणीची अशी गोष्ट ज्यांना एकट्यांनाच माहीत आहे, त्या मुलामुलींसाठी एक शब्द. ‘कुणाला सांगू नकोस’ असं तिनं तुमच्याकडून कबूल करून घेतलं असेल. तरीही ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे, त्याला सांगा. ती कदाचित काही दिवस बोलणार नाही. हे गुपित सांभाळणं तुमच्या वयाला पेलणारं काम नाही.

आणि ज्या मुलामुलींना हे वाचताना आपलीच गोष्ट वाचतोय असं वाटलं, त्यांच्यासाठी एक अभ्यास. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात संशोधकांनी सुमारे १,९०० मुलामुलींना पंधराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वेळोवेळी गाठलं. किशोरवयात स्वतःला इजा करत असल्याचं त्यांतल्या साधारण ८ टक्क्यांनी सांगितलं होतं. मोठेपणी त्यांच्यातल्या ९० टक्क्यांनी हे पूर्णपणे थांबल्याचं सांगितलं. हा निष्कर्ष २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच अभ्यासानं असंही दाखवलं की अशा मुलांच्या मागे बहुतेकदा नैराश्य आणि चिंता असते. म्हणजे खुणा थांबण्याची वाट बघत बसायचं नाही. मूळ दुखण्यावर उपचार आज घ्यायचे, कारण ते दुखणं उपचारानं बरं होतं.

टेलि-मानस: १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मुलांसाठी १०९८. देवनारची आयकॉल: ९१५२९८७८२१. फोन मुलांनीच करायला हवा असं नाही, आईनं, बाबांनी, ताईनं, वर्गशिक्षिकेनं केला तरी चालतो. हे तीन क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि घरातल्या मुलांच्या मोबाइलमध्येही, काही घडण्याआधीच.